मूल कच्चे की परीक्षा परकी?

शाळा सुरू होऊन महिना उलटला, की प्रत्येक वर्गातल्या चार-सहा मुलांच्या नावामागे एक शब्द चिकटतो. तो शब्द म्हणजे 'कच्चा'. एकदा तो चिकटला की सातवीपर्यंत निघत नाही. आठवीत वर्गाचा हजेरीपट पाहिला तर त्यातली एक-दोन नावे गळालेली असतात. कोणी गॅरेजवर जातो, कोणी फाउंड्रीत लागतो, मुलगी असेल तर घरी बसते. ही मुले खरोखर कच्ची होती का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा यांची चर्चा होते. फलक, परिपत्रके आणि सातबाराचे उतारे यांवर रकाने भरतात. ती चर्चा व्हायलाच हवी. परंतु भाषेचा हक्क केवळ कचेरीच्या दारावरच्या पाटीपुरता नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाची अडचण त्याच्या भाषेत समजून घेतली जाणे, हाही भाषेचाच हक्क आहे. या लेखात आम्ही त्याविषयी आणि तो हक्क राखू शकणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाविषयी लिहीत आहोत.

मार्गदर्शक म्हणजे कोण?

शाळेत मार्गदर्शक असावा ही कल्पना नवी नाही. माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ साली ती मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग असून ते प्राथमिक शाळेपासून मिळावे, असे सांगितले. निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी त्यांची किमान अपेक्षा होती. आज शहरातल्या मोठ्या इंग्रजी शाळांत समुपदेशकाची स्वतंत्र खोली दिसते. शेजारच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांसाठी समुपदेशक नेमण्याची योजना राबवली गेली. आमच्या खानापूर तालुक्यातल्या दोनशिक्षकी मराठी शाळेत मात्र मुख्याध्यापक, कारकून, माध्यान्ह आहाराचे हिशेबनीस आणि समुपदेशक हे सारे एकच असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबाबत निकाल दिला. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण त्यात आले. ते प्रत्यक्षात उतरेपर्यंत आजच्या मुलांनी थांबावे काय? म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रत्येक मराठी शाळेने आपल्यातल्या एका शिक्षकाला किंवा शिक्षिकेला हे काम रीतसर सोपवावे, त्यासाठी आठवड्याचे दोन तास मोकळे ठेवावेत आणि जमेल तेथे प्रशिक्षणाला पाठवावे. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे, आणि म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था हे तिचे एक केंद्र आहे. म्हैसूर आम्हाला परके नाही.

भाषेची अडचण आणि अध्ययनाची अडचण

मार्गदर्शकाचे पहिले काम म्हणजे मूल नेमके कशाला अडते आहे ते शोधणे. आपल्या भागात हे काम अधिक नाजूक आहे, कारण येथे मुलाच्या डोक्यावर एकदम तीन भाषा असतात. घरी मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमाने राज्यातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली आहे. आता एखादे मूल कन्नडच्या तासाला अडखळले, तर ते भाषा नवी म्हणून, की अक्षरे ओळखण्याची मुळातच अडचण आहे म्हणून?

थोडी उदाहरणे पाहू. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे उच्चार आणि वेगळ्या खुणा आहेत. ऱ्हस्व 'ए'ने म्हटलेले 'बेळे' म्हणजे पीक आणि दीर्घ 'ए'ने म्हटलेले 'बेळे' म्हणजे डाळ. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. मराठी मुलाच्या कानाला आणि हाताला या फरकाची सवयच नसते. तसेच 'कर्म' हा शब्द घ्या. आपण रफार 'म'च्या डोक्यावर देतो, कन्नडमध्ये त्याची खूण 'म'च्या उजवीकडे येते. मराठी मूल येथे चुकले तर ते कच्चे नव्हे, ते मराठी आहे एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूही पाहावी. मराठी शाळेत येणारे कन्नडभाषक मूल 'माझा वही', 'तो खुर्ची' असे लिहिते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. आणि आपल्याच घरातले मूल निबंधात 'मी शाळेला जायलोय', 'आई स्वयंपाक करायल्या' असे लिहिते, तेव्हा ते बेळगावची बोली लिहीत असते. पुस्तकातली मराठी हीसुद्धा त्याला शिकावीच लागते. या साऱ्या चुकांत एक गोष्ट समान आहे. त्या ठरावीक जागी होतात, वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या होतात आणि सरावाने कमी होतात.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट निराळी. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला तेव्हापासून डिस्लेक्सिया हा शब्द पालकांच्या कानावर आहे. हे मूल बुद्धीने कमी नसते. अफझलखानाचा वध तोंडी विचारा, रंगवून सांगेल. लिहायला सांगा, दोन ओळींत थांबेल. तिसरी-चौथीत आल्यावरही घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. मात्रा-वेलांट्या गळतात, जोडाक्षर आले की वाचन थांबते, 'मगर'चे 'गरम' होते. फळ्यावरचे उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. मुख्य खूण अशी, की अडचण केवळ कन्नड-इंग्रजीत न दिसता मायबोलीतही दिसते आणि चांगले शिकवूनही बराच काळ हटत नाही.

म्हणून मार्गदर्शकाने एक साधा नियम पाळावा. मुलाला आधी त्याच्या घरच्या भाषेत तपासावे. मराठीतला सोपा उतारा मोठ्याने वाचून घ्यावा, त्यावर तोंडी प्रश्न विचारावेत, मग तोच मजकूर ऐकवून पुन्हा विचारावेत. ऐकून सारे कळते आणि वाचून काहीच कळत नाही, असे असेल तर पुढच्या तपासणीची गरज आहे. फक्त दुसऱ्या भाषेतच अडत असेल तर त्या भाषेचा सराव वाढवावा.

मराठीतून तपासायचे कसे, साधने कुठे आहेत, असे कोणी विचारील. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच २०१५ साली पुढे आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. त्यात शिक्षकाने भरायची प्राथमिक चाचपणीची प्रश्नावली आहे, आणि तज्ज्ञांनी घ्यायच्या चाचण्या निराळ्या आहेत. मराठी आणि कन्नड या आपल्या दोन्ही भाषा त्यात एकत्र आहेत, हे सीमाभागाच्या दृष्टीने महत्त्वाचे. मराठी मुलाची परीक्षा केवळ इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये घेऊन त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का मारणे आता समर्थनीय नाही. 'मराठी माध्यम आहे, चालायचेच' असे म्हणून त्याची खरी अडचण झाकणेही तितकेच चूक आहे.

कायदा काय देतो

१९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमतेचे नाव त्यांत नव्हते. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात प्रकारांची संख्या एकवीस झाली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, वाचादोष यांना जागा मिळाली. अशा मुलांतील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, असे कलम १६ शाळांना सांगते. कलम १७ परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचा स्पष्ट उल्लेख करते. लेखी परीक्षांसाठी केंद्राने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराला तासामागे किमान वीस मिनिटे जादा देण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम मुलांना सवलती देण्यास १९९६ साली सुरुवात केली होती.

सवलत कागदावर असणे आणि मुलाच्या हाती पडणे यांत मोठे अंतर आहे. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून प्रमाणपत्र मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात तपासणी, दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज, शाळेचा प्रस्ताव आणि परीक्षा मंडळाची मंजुरी अशी ती साखळी आहे. परिपत्रक बहुधा कन्नडमध्ये येते. मुख्याध्यापकांच्या फायलीत राहते आणि मराठी पालकाला त्याचा पत्ता लागत नाही. मार्गदर्शकाने हे परिपत्रक मागवून त्याचा मराठी गोषवारा सूचनाफलकावर लावावा आणि आठवीतच प्रस्तावाला हात घालावा. हा गोषवारा करायला कन्नड चांगले येणारा शिक्षक लागतो, हेही आम्ही मुद्दाम नमूद करतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेची सूट ही अक्षमता असलेल्या मुलासाठी आहे. कन्नड टाळण्याची ती पळवाट नव्हे. तसा वापर झाला, तर ज्याला खरी गरज आहे त्याच्याच अर्जाकडे उद्या संशयाने पाहिले जाईल. शिवाय सूट घेतलेल्या मुलालाही पुढे याच राज्यात नोकरी शोधावी लागेल, आणि कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड लागते. म्हणून सूट घेण्यापूर्वी मार्गदर्शकाने दोन्ही बाजू पालकांपुढे मांडाव्यात. परीक्षेतून भाषा सुटली तरी बोलायला ती शिकवत राहावी. वाचता न येणारे मूल भाषा बोलायला झकास शिकते, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

कान, डोळे आणि फिट

सगळ्या अडचणी भाषेच्या नसतात. फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे मूल 'कॉपी करते' ठरते. कान फुटल्यामुळे कमी ऐकू येणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून मार खाते. मार्गदर्शकाने वर्षाच्या आरंभी प्रत्येक मुलाला फळ्यापासून दूर बसवून वाचायला लावावे आणि पाठीमागून हलक्या आवाजात हाक मारून पाहावी. एवढ्याने पक्के निदान होत नाही, पण कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचे ते कळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येतात. ती येतील त्या दिवशी आपली यादी तयार हवी. नाहीतर मुलांची वजने घेतली जातात आणि ज्याला दाखवायचे तो नेमका त्या दिवशी गैरहजर असतो.

फिट येणाऱ्या मुलाबद्दल अजूनही घरोघर कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्याचा प्रघात आहे. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, फिट किती वेळ टिकली ते घड्याळात पाहावे आणि पाच मिनिटांहून अधिक टिकली तर दवाखान्यात न्यावे. हे वर्गातल्या मुलांनाही शिकवावे. औषध नियमित घेतले तर यांतली बरीच मुले इतरांसारखीच शिकतात.

उसाच्या फडातली आणि जंगलातली मुले

बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले मराठी बोलतात, पण फडाजवळची शाळा बहुधा कन्नड असते. ही मुले दोन्ही राज्यांच्या हजेरीपटांतून निसटतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गवळी धनगर वाड्यांवरच्या मुलांना पावसाळ्यात ओढा भरला की शाळाच गाठता येत नाही. अशा मुलाला 'अनियमित' म्हणून शिक्षा करण्यात काय अर्थ आहे? मार्गदर्शकाने मुकादमाला भेटावे, मुलाचे नाव जवळच्या मराठी शाळेत तात्पुरते घालून घ्यावे आणि परत जाताना तो काय शिकला याची एक पानी नोंद त्याच्या हाती द्यावी. ती नोंद मराठीत असेल तर पलीकडचे गुरुजी ती वाचू शकतील.

मनाचे ओझे

आठवी-नववीत आणखी एक गोष्ट होते. बाप दारू पितो, घर कर्जात आहे, मुलीचे लग्न ठरवायचे चालले आहे, कोणी तिच्या वाटेवर उभे राहते, आणि गुण मात्र गणितात कमी होतात. मूल हे सारे ज्या भाषेत रडते त्याच भाषेत सांगू शकते. म्हणून येथे मराठी मार्गदर्शक हवाच. बोलण्यासाठी दार उघडे पण वर्दळ नसलेली जागा असावी. मुलाने सांगितलेले स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाटले जाऊ नये. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल, किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे, आणि हे मुलाला आधीच प्रेमाने सांगून ठेवावे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक त्रासासाठी २०२२ पासून चालू असलेला टेलिमानसचा १४४१६ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मराठीत लिहावेत.

पालकांशी बोलताना

'तुमचा मुलगा मंद आहे' असे आईला सांगणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. काय जमते ते आधी सांगावे, मग काय अडते ते, आणि शेवटी शाळा काय करणार ते. वडिलांनाही बोलवावे, नाहीतर सारा दोष घरी आईच्या माथी येतो. पालक हमखास विचारतात, 'सर, मराठीमुळेच मागं पडलाय, इंग्लिश मीडियमला घालू काय?' त्यांना शांतपणे समजावून द्यावे. देवनागरीत जसे लिहितो तसे बहुतेक वाचतो. इंग्रजीचे स्पेलिंग त्या मानाने फार बेभरवशाचे. ज्याला मायबोलीची अक्षरे जुळवता येत नाहीत, त्याला इंग्रजीच्या दारात नेऊन सोडल्याने ओझे वाढते आणि घराचे फीचे कर्जही वाढते. माध्यम बदलायचे की नाही हा पालकांचा निर्णय आहे, पण तो घाबरून घेतलेला नसावा.

प्रत्येक शाळेकडून आमची अपेक्षा

राज्यघटनेत १९५६ साली घातलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात असे सांगते. 'पुरेशा सोयी'त केवळ पुस्तक आणि वर्गखोली येत नाही. न वाचता येणाऱ्या मुलाची तपासणी त्याच्या भाषेत होणे हीही सोयच आहे, आणि ती मागण्याचा आम्हाला अधिकार आहे. तालुक्याच्या साधन केंद्रात समावेशक शिक्षणाचे जे साधनशिक्षक असतात, त्यांतला निदान एक मराठी जाणणारा असावा, अशी लेखी मागणी शाळा सुधारणा समित्यांनी क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी.

परंतु मागणी मान्य होईपर्यंतचे काम आपल्याच हातात आहे. प्रत्येक शाळेने एक मार्गदर्शक शिक्षक ठरवावा. एक वही घालावी, तिच्यात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे पान असावे आणि त्यावर चार प्रश्नांची उत्तरे असावीत: ऐकू येते का, दिसते का, घरच्या भाषेत वाचता येते का, घरी काय चालले आहे. महिन्यातून एकदा त्या मुलाला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांनी एकत्र बसून ती पाने पाहावीत. कन्नडचे सरही त्या बैठकीत हवेत, कारण अडचण एका भाषेत आहे की दोन्हींत हे त्यांच्यावाचून ठरणार नाही. याला पैसा लागत नाही.

मराठी शाळांतली पटसंख्या घटते आहे याची काळजी आपण सारेच करतो. प्रवेशासाठी जूनमध्ये दारोदार फिरतो. आलेले मूल दहावीपर्यंत टिकवणे हाही पट राखण्याचाच मार्ग आहे. या वर्षी आपापल्या शाळेत जाऊन पालकांनी एवढेच विचारावे: 'गुरुजी, आपल्या शाळेत ती वही कोणाकडे आहे?'